तुझ्या क्रूसाला घातलेला शर्ट

शामू, तुला मातीत ठेवल्याला आज अठरा दिवस झाले. तुझ्या चर्चच्या मंडळीतले लोक मला म्हणाले, तुम्ही त्याचे लहानपणापासूनचे दोस्त, चार ओळी लिहून द्या, प्रार्थनेच्या वेळी वाचू. मी तीनदा लिहायला बसलो. तीनदा ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’, ‘सर्वांच्या मदतीला धावणारा’ असलं काहीतरी लिहिलं आणि कागद चुरगाळून फेकला. त्या शब्दांना शिळ्या भातासारखा आंबूस वास येत होता. म्हणून आता मंडळीसाठी नाही, तुलाच लिहितो आहे. मला स्वतःची किळस आली आहे, आणि ती सगळीच्या सगळी तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणापुढे बोलून दाखवण्याची माझी हिंमत नाही.

आपलं भांडण एकच होतं, आणि ते चाळीस वर्षं पुरलं. तू सुतार, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. मी देव्हाऱ्यात रोज दिवा लागणाऱ्या पोवाराच्या घरातला, नोकरी गावच्या टपालाची. टपाल वाटून झालं की मी तुझ्या दुकानात येऊन बसायचो, लाकडाच्या सालपटांत पाय खुपसून. समोरच्या भिंतीवर तुझा तो क्रूस. आडवं एक लाकूड, उभं एक लाकूड, बस. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आमचे देव कसे, शेंदूर लावलेले, दागिने घातलेले, हसऱ्या तोंडाचे. आणि तुमचं हे काय, माणूस खिळे ठोकून मारायचं साधन?

“शामू, फासाचा दोर कोनी गळ्यात घालून फिरते का बे?” मी विचारायचो.

“किळस येते का तुले?”

“येते तर!”

“बरं हाये. यायलाच पायजे. आमच्या मंडळीतल्या लोकाईले येत नाही आता. त्याईले तो सोन्याचा लागते.”

मंडळीत कोणी गेलं की थडग्यावरचा क्रूस तूच करायचास. आणि त्याला रंधा मारायचा नाहीस. चौकट असो, पलंग असो, पाट असो, हात फिरवला तर लोण्यावर फिरल्यासारखं वाटावं असं तुझं काम. पण क्रूस मात्र करवतीतून निघेल तसाच. कुसळं वर, गाठी उघड्या. एकदा गोंदियाच्या एका बाईनं नवऱ्याचा क्रूस नेताना तक्रार केली, की याला हात लावला तर कुसळ घुसते, साडी अडकते, पॉलिश तरी करून द्या. तू तिला म्हणालास, “बाई, ज्यानं पहिला केला त्यानं रंधा मारला असन का? मानूस माराले आनला होता तो. अडकू दे साडी.” ती बाई चिडून गेली. मी हसलो. तू हसला नाहीस, शिसपेन्सिल कानावर ठेवून पुन्हा कामाला लागलास.

तुला आता थोर माणूस करून ठेवतील, म्हणून हेही लिहून टाकतो, की तू अत्यंत त्रासदायक इसम होतास. माझ्या घराच्या मागच्या दाराची चौकट तू दीड वर्ष लटकवलीस. पावसाळाभर त्या दारात मी पोतं बांधून ठेवलं होतं. छातीत दुखायचं तेव्हा ‘गॅस झाला’ म्हणून ओवा चघळत बसायचास. आमगावला दवाखान्यात चल म्हणून मी तीनदा गाडी काढली आणि तीनदा तू कोणाच्या तरी पलंगाचं कारण सांगितलंस. त्याचा राग अजून गेलेला नाही. आता कोणावर काढू?

ती विहिरीची गोष्ट तुझ्या लक्षात असेल. माझ्या वावरातल्या विहिरीत रानडुक्कर पडून मेलं होतं. चौथ्या दिवशी कळलं, ते फुगून वर आलं तेव्हा. काठावर उभं राहवत नव्हतं. मजूर नाक दाबून मागे सरले, मी तर धुऱ्यावर, शेताच्या कडेला, जाऊन बसलो. तू कोणाला न विचारता कमरेला दोर बांधून उतरलास. ते धूड तुझ्या अंगाशी धरूनच दोराला बांधावं लागलं. वर आलास तेव्हा केसांपासून बोटांपर्यंत तू त्या घाणीनं माखलेला होतास. आणि मी काय केलं? दोन पावलं मागे गेलो. घरी आल्यावर तुला खाटेवर बसू दिलं नाही. माझ्या बायकोनं तुझ्यासाठी चहा कपात न देता फुटक्या वाटीत दिला, आणि मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तू ती वाटी घेऊन अंगणात उकिडवा बसलास आणि म्हणालास, “पाह्य यादो, घान आपोआप जात नाही. कोनीतरी आंगावर घ्या लागते. तू मले विचारते ना, क्रूस मंजे काय, हे तेच हाये. मानसाचं खोटं, भेव, दगाबाजी, सारं कोनीतरी आंगावर घेतलं. देवानं वरून हात नाही दाखवला, खाली उतरला.”

“माझी घान माझी मी पाहीन,” मी म्हणालो. “मले कोनाचा उपकार नको.”

“तेच तर अडचन हाये तुझी,” तू म्हणालास, आणि चहा फुर्र करून ओढलास.

तेव्हापासून हे भांडण तिथंच अडकून राहिलं. मी म्हणायचो, जो दुसऱ्यानं न मागता त्याच्या अंगावरचं ओझं काढून घेतो, तो त्याचा अपमान करतो. तू म्हणायचास, मागायची वाट पाहिली असती तर कोणीच मागितलं नसतं. मी त्यावर एक चांगलं उत्तर शोधून ठेवलं होतं आणि तुला सांगायचं होतं. आता ते काय होतं तेही आठवत नाही.

तू गेलास त्या दिवशी उमस अशी होती की बर्फाची लादी दुपारपर्यंत अर्धी झाली. खाटेखाली पाणी ठिबकत होतं, त्यावर कोणीतरी बारदाना टाकला होता. उदबत्त्या जळत होत्या, माशा तरी हटत नव्हत्या. गोंदियाला तुमचं दफनस्थान आहे, पण मार्था म्हणाली, माणूस याच गावचा, याच गावात राहील. तुझ्या बायकोनं आयुष्यात गावाकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. आणि गाव चौकात चहा पीत बसलं.

लोक भांडले असते तर मला इतकी शिसारी आली नसती. कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. सगळे गोड बोलत होते. “आमचं काही नाही जी, शामू आपलाच मानूस. पन उद्या दुसरे मनतीन ना.” “मसनवटीत जागा हाये, पन तिथं क्रूस उभा झाला तर बरं दिसत नाही.” ज्यांच्या घराची दारं तू बसवलीस, ज्यांच्या बापाच्या तिरडीचे बांबू तू तासून दिलेस, तेच बशीत चहा ओतून फुंकर मारत तुझी जागा ठरवत होते. तिकडे तू वितळत्या बर्फावर.

मी उठून म्हटलं, माझ्या वावरात, मोहाच्या झाडाखाली, धानाच्या बांधीच्या वरच्या अंगाला पडीक तुकडा आहे, तिथं ठेवू. त्या क्षणी मी स्वतःला फार मोठा समजलो. डालचंदभाऊनं, माझ्या मोठ्या चुलतभावानं, मान हलवली.

“दे ना, वावर तुझं हाये. माती देजो. पन ते लाकूड नको उभं करू तिथं. लोक मनतीन यादो बाटला, तुया नातीच्या सोयरीकीले अडचन व्हईन.”

“नाही नाही,” मी म्हणालो. “ते नाही.”

इतक्या चटकन मी आयुष्यात कधी काही कबूल केलं नव्हतं.

पुढचं तू पाहिलं नाहीस, बरं झालं. पास्टरसाहेब गोंदियाहून टेम्पोत क्रूस घेऊन आले होते. पांढरा, गुळगुळीत, वर तुझं नाव. तो तुला पसंत पडला नसता, पण क्रूस होता. प्रार्थना झाली, माती लोटली, दोन माणसं तो टेम्पोतून उतरवायला गेली. डालचंदभाऊ धुऱ्यावर उभा होता. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो आणि म्हणालो, “साहेब, ते राहू द्या.” पास्टरांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, मी ‘थोडं थांबा’ म्हणतो आहे. मला पुन्हा सांगावं लागलं. मग तो क्रूस टेम्पोत परत आडवा झाला. मार्थानं ते सगळं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून मुलीबरोबर आमगावला निघून गेली.

आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी दुपारी मी तुझं दुकान उघडलं. किल्ली माझ्याकडेच होती. साजाच्या झाडाची दोन लाकडं काढली, एक पुरुषभर, एक दोन हात लांब. तुझा हातोडा घेतला. आडवं लाकूड वाकडंच बसलं, एक खिळा वाकला, दुसऱ्याच्या वेळी घाव माझ्या बोटावर बसला. रंधा मारायचा प्रश्नच नव्हता, मला तो धरताही येत नाही. खांद्यावर टाकून मी ते वावरात नेलं आणि तुझ्या डोक्याशी गाडलं. दोन मिनिटं तुझ्यापुढे उभा राहिलो. फार बरं वाटलं.

तेवढ्यात पलीकडच्या पांदीच्या वाटेवरून कोणाची तरी मोटरसायकल वाजली.

शामू, धान निसवलेलं आहे, लोंब्यांत दूध भरलं आहे, पाखरांचे थवे उतरत आहेत. या दिवसांत प्रत्येक बांधीत बुजगावणं असतं. मी अंगातला शर्ट काढला आणि त्या लाकडाला घातला. मोहाखाली मजुरांचं पाण्याचं जुनं मडकं पालथं पडलं होतं, ते वर ठेवलं. घरी जाऊन दुसरा शर्ट घातला, चुना आणला, मडक्यावर डोळे काढले. आणि मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं! शामूला त्याचा क्रूस मिळाला, भाऊला दिलेला शब्द मोडला नाही, पाखरंही उडतील. एका खिळ्यात तीन कामं.

दुसऱ्याच दिवशी चौकात हशा पिकला. “शामू उठून उभा झाला रे! पाखरं हाकलून राहिला यादोच्या बांधीतले!” एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. “भारी केलं यादोभाऊ, त्याच्या डोक्शावरच लावला. मस्त मजाक केली.” त्यांना वाटलं, मी तुझी टिंगल केली. मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलं आणि त्यांच्यात हसलो. पानवाल्यानं खुशीत मला खर्रा दिला, तो मी घेतला आणि खाल्ला.

परवा मार्था परत आली. मला घरून घेतलं आणि म्हणाली, “भाऊजी, चला, फुलं ठेवून येऊ.” मी निघताना शंभर बहाणे शोधले, एकही सांगितला नाही. तिनं धुऱ्यावरून ते पाहिलं आणि थांबली. हातातली झेंडूची पुडी तशीच राहिली. लोक काय हसत होते ते तिनं ऐकलेलं असणार. मी म्हणालो, “वहिनी, खालून क्रूस हाये. मीच केला. लोकाईच्या भेवानं वरून शर्ट घातला.”

ती चालत लाकडापाशी गेली, पुडी खाली ठेवली.

“क्रूसावर चढवाच्या आधी त्यालेही असाच झगा घातला होता, भाऊजी,” ती म्हणाली. “घातला आन् हसले.”

तिनं मडकं उतरवून खाली ठेवलं. गुंड्या सोडल्या, शर्ट काढला, दोनदा झटकला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग त्या वाकड्या आडव्या लाकडावर हात फिरवला. तिच्या बोटात कुसळ गेलं. तिनं ते दातानं काढलं आणि एवढंच म्हणाली, “रंधा नाही मारला. बरं केलं.” मला रडू फुटणार होतं.

पण डालचंदभाऊ त्याच वेळी पाणी पाहायला त्याच्या बांधीकडे निघाला होता. धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, “काय रे यादो, हे काय दिसून राहिलं? क्रूस हाये का हा?”

“नाही भाऊ,” मी म्हणालो. “बुजगावनं हाये. कपडा धुवाले काढला.”

शर्टाची घडी माझ्या हातात होती. मार्था माझ्यापासून एका हातावर उभी होती.

भाऊ तिच्याकडे वळला. “काय वो मार्थाबाई, तुमी काढला का?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. “हो, मीच काढला,” ती म्हणाली. “मले दुरून क्रूस वाटला. नजर कमी झाली माझी. भाऊजीचं बुजगावनं होतं, मी उगाच हात लावला. माझी चूक झाली. घालून देते परत.”

आणि तिनं माझ्या हातातून शर्ट घेतला. घडी मोडली. आडव्या लाकडाच्या दोन्ही टोकांवरून बाह्या चढवल्या. वरची गुंडी लावली, मग दुसरी, मग तिसरी. तुझ्या शर्टाच्या गुंड्या तिनं अशाच लावल्या असतील, तुझा उजवा हात मोडला होता त्या वर्षी. मडकं उचललं आणि वर ठेवलं. डोळे बांधीकडे यावेत म्हणून जरा फिरवलं. भाऊचं समाधान झालं. तो गेला. तिनं फुलं पायाशी ठेवली, मान वाकवून पुटपुटली काहीतरी, आणि मला म्हणाली, “चला भाऊजी, ऊन झालं.” एवढंच.

शामू, मी धुऱ्यावर बसलो आणि ओकलो. खरंच ओकलो, शब्दाचा खेळ नाही करत.

मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. माझं खोटं माझं होतं, माझी भीती माझी, लाजही माझीच असायला हवी होती. तिनं ती उचलली आणि स्वतःच्या अंगावर घातली. नवऱ्याच्या क्रूसाची स्वतःच्या हातानं टवाळी केली आणि वर ‘माझी चूक’ म्हणाली. कशासाठी? मी सोयरीकीत, चौकात, भावकीत तोंड दाखवायला मोकळा राहावा म्हणून. माझ्यासारख्या माणसासाठी! तू चाळीस वर्षं जे सांगत होतास ते मला त्या तीन गुंड्यांत कळलं. आणि कळल्यावर हलकं वाटत नाही, शांती वगैरे तर नाहीच नाही. अंगावर काटा येतो, स्वतःच्या कातड्याची घाण वाटते. हे तू कधी सांगितलं नाहीस. सोन्याचा करून गळ्यात घालणाऱ्यांना हे झालेलं नसणार, नाहीतर त्यांनी घातला नसता.

तुझा देव खरा की नाही, मला अजूनही माहीत नाही. आज संध्याकाळीही माझ्या देव्हाऱ्यात दिवा लागेल. तू आता वाद घालायला नाहीस याचं वाईट वाटतं, आणि असतास तर तोंड दाखवलं नसतं हेही खरं. तुझे आभार मानायचे राहिले. विहिरीचे राहिले, त्या फुटक्या वाटीबद्दल माफी मागायची राहिली. चौकटीबद्दल मात्र मी तुला माफ केलेलं नाही.

आज सकाळी आधी वावरात गेलो. मडकं धुऱ्यावर आपटून फोडलं आणि शर्ट काढला. मग चौकात गेलो. सातजण होते, डालचंदभाऊ बाकड्यावर चहा घेऊन बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं, “माझ्या वावरात हाये ते बुजगावनं नाही. तो शामूचा क्रूस हाये. मी केला, मी लावला. परवा मी खोटं बोललो आन् मार्थाबाईनं ते आपल्या आंगावर घेतलं.”

कोणी हसलं नाही. पानवाला सुपारी कातरायचा थांबला.

“म्हंजे तू बाटला का बे?” भाऊ म्हणाला.

“नाही.”

“मंग काढून टाकजो तो.”

“नाही काढत.”

भाऊनं बशी बाकड्यावर ठेवली, धोतर झटकलं आणि चालता झाला. त्याच्यामागे चौघे उठले. धान कापायला वीस दिवस आहेत, आणि भावकीतलं कोणी यंदा माझ्या बांधीत उतरणार नाही हे मला त्यांच्या पाठी पाहूनच कळलं. ‘नाही काढत’ एवढे दोन शब्द बोलायला मला अठरा दिवस लागले, शामू.